नाशिकची फाईल

जग जवळ आलं आहे, असं त्या वर्षी वर्तमानपत्रं रोज लिहीत होती. बुऱ्हाणपुरात शनवाऱ्याला राहणारे नंदकुमार महाजन ते रोज वाचत होते, आणि त्यांना ते पटतही होतं. गणेशोत्सवात 'संगणक : शाप की वरदान' या निबंधस्पर्धेचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं होतं आणि समारोपाच्या भाषणात 'दोन्ही' असा निर्णय दिला होता. पतसंस्थेच्या हेडक्लार्कला शोभेल असाच तो निर्णय होता. कुणीही दुखावलं नाही. तोवर त्यांनी संगणकाला हात लावलेला नव्हता, ही गोष्ट वेगळी. भाषणाला हात लागत नाहीत.

मग नाशिकहून फोन आला की मुलाची पत्रिका ई-मेलनं पाठवतो, पत्ता कळवा.

मुलगा म्हणजे विनायक. घरं बांधणाऱ्या एका ऑफिसात इंजिनियर. वडील नाहीत, आई कमलताई, दोघंच जण. नंदकुमारांच्या मुलीनं, रजनीनं, त्याचा फोटो पाहून 'बरा आहे' म्हटलं होतं. रजनी शाळेत भूगोल शिकवते. हिमालयालासुद्धा ती 'उंच आहे' एवढंच म्हणते. तेव्हा 'बरा आहे' ही मोठीच स्तुती समजायची.

याआधी दोन स्थळं पत्रिकेपर्यंत येऊन परत गेली होती. दोन्ही वेळा पाकीट पोस्टानं आलं, रजनीनंच फोडलं, गुरुजींकडे तीच घेऊन गेली, आणि 'जमत नाही' हे उत्तर तिलाच घरी आणावं लागलं. दुसऱ्या वेळी चप्पल काढता काढता ती हसून म्हणाली, "बाबा, ग्रहांपाशी माझ्याबद्दल कोण काय सांगून आलंय कोण जाणे." सगळे हसले. नंदकुमारही हसले. पण त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही, आणि रजनीच्या आईनं, मंगलाबाईंनी, 'अजून वाढू का' असं एकदाही विचारलं नाही, यावरून त्यांनाही गेलं नसणार.

म्हणून या खेपेला नंदकुमारांनी ठरवलं, पत्रिका आपण आधी पाहायची. जमली तर रजनीला सांगायचं; नाही जमली तर नाशिककर परस्पर बदलले, असं काहीतरी सांगायचं. 'नाही' हा शब्द तिच्यापर्यंत पोचूच द्यायचा नाही. त्यासाठी त्यांनी शनवाऱ्याच्या वेशीजवळच्या लीलाधरच्या सायबर कॅफेत जाऊन स्वतःच्या नावानं ई-मेलचा पत्ता उघडला आणि नाशिकला कळवला. पासवर्ड म्हणून मंगलाबाईंचं नाव दिलं. लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर नवऱ्यानं बायकोचं नाव असं सबंध टाईप करण्याचा प्रसंग तसा विरळाच. पण ते ठिपक्या-ठिपक्यांत उमटल्यामुळे कुणाला दिसलं नाही.

लीलाधर आधी एसटीडी बूथ चालवायचा. त्या वेळी तो 'काका, लाईन नहीं मिल रही' म्हणायचा, आता 'काका, नेट स्लो है' म्हणतो. माणूस तोच, जमाना पुढे गेलेला. त्यानं नाशिकचा मेल उघडला. खाली फाईल जोडलेली होती. त्यानं तिच्यावर टकटक केलं. पडद्यावर पाटी आली, की ही फाईल कशानं उघडायची ते मला माहीत नाही, तुम्हीच सांगा.

"काका, ये कौनसी फाईल आहे?" लीलाधरनं विचारलं.

"पत्रिका."

"ते झालं. पण डब्ल्यू आहे मधे. अशी मी पाहिली नाही कधी." त्यानं कपाळाला आठ्या घातल्या. "ठहरो, सगळ्यात टाकून बघू."

आणि त्यानं ती सगळ्यात टाकून पाहिली. चित्रं उघडतात त्यात टाकली, गाणी वाजतात त्यात टाकली. गाण्यांच्या यंत्रानं क्षणभर विचार केल्यासारखं केलं आणि मान टाकली. एव्हाना मागे चारजण उभे राहिले होते. त्यांतले गजाननराव म्हणजे नंदकुमारांचे भिंतीला भिंत लावून शेजारी. ते तारखात्यातून निवृत्त झाले होते, त्यामुळे दूरवरून येणाऱ्या कुठल्याही गोष्टीवर त्यांचा हक्क होता.

"नंदकुमार, हे व्हायरस असणार," ते म्हणाले. "घरी गेल्यावर हात धुवा."

घरी मंगलाबाई ओट्याशी पाटावर उभ्या राहून भाकरी थापत होत्या. पाट डावीकडे जरासा डुगडुगायचा, त्या उजवीकडे भार देऊन उभ्या असायच्या. सगळी हकिकत ऐकून त्या म्हणाल्या, "अहो, मग त्यांनाच विचारा ना. उघडत नाही म्हणावं, दुसरी पाठवा."

"मुलीकडचे आहोत आपण," नंदकुमार म्हणाले. "पहिल्याच घासाला 'उघडत नाही' म्हणायचं?"

"म्हणतील, बुऱ्हाणपूर मागासलेलं आहे," भिंतीपलीकडून गजाननराव म्हणाले. ती भिंत तशी पातळच आहे.

मंगलाबाईंनी भाकरी तव्यावर टाकली. या गोष्टीतला सगळ्यात शहाणा सल्ला पहिल्याच दिवशी, ओट्यापाशी, फुकट मिळाला होता. पण सल्ल्याचं असं असतं, की तो लांबून आल्याशिवाय गोड लागत नाही.

दुसऱ्या दिवशी लीलाधर विजयी चेहऱ्यानं म्हणाला, "खुल गई काका!" त्यानं फाईलच्या नावाची शेपटी कापून तिला दुसरी शेपटी लावली होती, आणि ज्यात आपण अर्ज टाईप करतो त्यात ती उघडली होती. पडद्यावर लहान लहान रिकामे चौकोन होते. ओळीच्या ओळी चौकोन. मधेच एखादं इंग्रजी अक्षर, एखादं अर्धवट चिन्ह, आणि पुन्हा चौकोन. प्रिंट काढायला घेतली तर कागद संपेपर्यंत चौकोन येत राहिले. नंदकुमार तो गठ्ठा काखोटीला मारून थेट वसंत गुरुजींकडे गेले.

वसंत गुरुजींचा एक नियम होता, की 'मला माहीत नाही' हे वाक्य यजमानासमोर उच्चारायचं नाही. यजमानाचं मन खचतं. त्यांनी चष्मा पुसला, पहिला कागद उभा धरला, मग आडवा धरला, आणि बराच वेळ गंभीर राहिले.

"ही दाक्षिणात्य पद्धत," गुरुजी शेवटी म्हणाले.

"म्हणजे?"

"आपल्याकडे कुंडलीत तिरक्या रेघा असतात. दक्षिणेकडे घरं चौकोनी काढतात. हे बघा, घर, घर, घर."

"पण मुलगा नाशिकचा आहे," नंदकुमार म्हणाले.

गुरुजींनी चष्म्यावरून पाहिलं. "नाशिकला नदी कुठली?"

"गोदावरी."

"गोदावरीला काय म्हणतात?"

नंदकुमार शाळेतल्यासारखे सरळ बसले. "दक्षिणगंगा."

"उगाच नाही म्हणत," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी एकेक कागद उलटत बोट फिरवलं. "आणि ही घरं पाहा. रिकामी आहेत. मंगळ नाही, शनी नाही, राहू-केतू औषधाला नाहीत. एवढी निर्मळ पत्रिका मी बापजन्मात पाहिली नाही. हिच्याशी कुणाचीही जमेल."

खरं सांगायचं तर नंदकुमारांना त्या क्षणी थोडी शंका आली होती. पतसंस्थेत इतकी वर्षं काढलेल्या माणसाला पूर्ण रिकामा कागद पाहिला की शंका येतेच. पण शंकेच्या शेजारीच रजनीचा चप्पल काढतानाचा चेहरा उभा होता. त्यांनी शंकेला बसायला सांगितलं नाही. वाटेत मावा जिलेबी घेतली आणि घरी येऊन सगळ्यांच्या देखत नाशिकला फोन लावला.

"कमलताई, पत्रिका उत्तम जुळते!"

"अगंबाई, हो का?" पलीकडचा आवाज खरोखरच आनंदला. "किती गुण?"

गुण! गुरुजींनी गुणांचं काहीच सांगितलं नव्हतं. नंदकुमारांची नजर समोरच्या कॅलेंडरवर गेली. "अठ्ठावीस," ते म्हणाले. महिना फेब्रुवारी होता आणि तारीख शेवटची होती. चार दिवसांनी फोन केला असता तर काय झालं असतं, याचा विचार करवत नाही.

"बाई! आमच्या गुरुजींनी तर जरा नाक मुरडलं होतं," कमलताई म्हणाल्या. "तुमचे फारच जाणकार दिसतात. आम्ही रविवारी येतोच आहोत. विनायकची पत्रिका समोर ठेवून त्यांनी कसं जुळवलं ते मला समजावून सांगायला सांगा हं. मलाही थोडं थोडं कळतं."

फोन ठेवला. रजनी दारात उभी होती. तिनं जिलेबीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाली, "बाबा, खरंच जमली?" ती विचारत होती नेहमीच्याच आवाजात. पण जिलेबी चावायची थांबली होती.

"म्हणजे काय!" नंदकुमार म्हणाले. आता मागं फिरायला वाट राहिली नव्हती. रविवारच्या आत ती फाईल खरोखर उघडायला हवी होती, आणि तिच्या आत खरोखर जुळणारी पत्रिका असायला हवी होती.

सुपडूभाऊ म्हणजे मंगलाबाईंचे धाकटे बंधू. दापोऱ्याला केळीची शेती. ते बहिणीसाठी केळीचा घड घेऊन आले, सगळं ऐकलं, आणि घड कोपऱ्यात टेकवून एकदम मुद्द्यावर आले.

"दाजी, फाईल कुठली?"

"नाशिकची."

"नाशिक कुठं?"

"महाराष्ट्रात."

"मंग ती अठी कशी उघडीन?" सुपडूभाऊंनी मांडीवर थाप मारली. "अठी मध्य प्रदेश आहे!"

तुम्ही हसाल. पण तुम्ही सीमेवर राहत नसाल. इथल्या माणसाचा मोबाईल इच्छापूर ओलांडलं की रोमिंगमध्ये जातो. तोच फोन, तोच माणूस, बोलणंही तेच. इथला जातीचा दाखला पलीकडे चालत नाही, पलीकडचा इथे चालत नाही. केळीचा ट्रक नाक्यावर थांबून कागद दाखवतो आणि मगच केळी महाराष्ट्रात पिकायला मोकळी होतात. मुलं मराठी घरात वाढतात आणि शाळेत हिंदीत पाढे म्हणतात. अशा मुलखात एका फाईलनं कागदपत्राशिवाय हद्द ओलांडावी आणि मुकाट उघडावी, अशी अपेक्षा करणं हाच खरा अडाणीपणा. नंदकुमारांना सुपडूभाऊंचं म्हणणं शंभर टक्के पटलं. आपल्याला हे आधी सुचलं नाही याचं वाईटही वाटलं.

लीलाधरनं फाईल सीडीवर घालून दिली. ऊन लागू नये म्हणून सीडी भाकरीच्या डब्यात ठेवली, आणि मेव्हणे-मेव्हणे मोटरसायकलवरून निघाले. इच्छापुरात थांबून खालूनच इच्छादेवीला हात जोडले. पायऱ्या चढायला वेळ नव्हता. देवी ते समजून घेईल असं सुपडूभाऊंनी तिच्या वतीनं सांगून टाकलं. सीमा ओलांडताच नंदकुमारांच्या खिशातला फोन टुणकन वाजला आणि महाराष्ट्रात आपलं स्वागत असो असा निरोप आला. त्यांना तो शुभशकुन वाटला.

पलीकडच्या पहिल्या मोठ्या गावात संगणकाचा क्लास होता. तिथल्या मॅडमनी डब्यातून सीडी निघताना पाहिली, पण चेहऱ्यावर काही दाखवलं नाही. सीडी आत घातली. तीच पाटी, तेच 'मला माहीत नाही'.

"अहो पण आता महाराष्ट्रात आहे ना ती!" नंदकुमारांच्या तोंडून निसटलं.

मॅडमनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. मग हळूच म्हणाल्या, "काका, फाईलला राज्य नसतं."

"मंग दाखल्याले काहून असतं?" सुपडूभाऊंनी विचारलं. त्यांच्या मुलाचं पलीकडच्या कॉलेजातलं ॲडमिशन एका दाखल्यावरून अडलं होतं.

मग मॅडमनी फाईलची शेपटी नीट वाचली. "ही नकाशाची फाईल आहे. घरांचे, पुलांचे नकाशे काढतात ना इंजिनियर लोक, त्यांची. आमच्याकडे ते सॉफ्टवेअर नाही. मोठ्या शहरात, एखाद्या सरकारी बांधकाम ऑफिसात असेल." त्या आठवू लागल्या. "जवळचं म्हणाल तर... बुऱ्हाणपूर."

परतीच्या वाटेवर सुपडूभाऊ गाडी दामटत होते. नंदकुमार मात्र विचार करत होते आणि विचार करता करता त्यांना धीर येत होता. मुलगा इंजिनियर आहे. पत्रिकासुद्धा त्यानं पट्टीनं, मापात काढली असणार. म्हणजे घरं आहेतच आत! गुरुजी अगदीच चुकले नव्हते.

बांधकामाच्या सरकारी ऑफिसात, नकाशांच्या खोलीत, यादवजी बसायचे. टेबलावर काच, काचेखाली हनुमान, शेजारी संगणक आणि संगणकावर टॉवेल.

"फाइल आपकी है," यादवजी म्हणाले, "कम्प्यूटर सरकार का है। ऐसे कैसे खोल दूँ? लिखित में दीजिए।"

नंदकुमारांनी अर्ज लिहिला. आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज परत पाठवलेल्या माणसाला अर्ज लिहिताना काय वाटतं, ते त्यांना त्या दिवशी समजलं. 'प्रयोजन' या शब्दापुढे बराच वेळ पेन थांबलं. मग त्यांनी लिहिलं : कन्या के विवाह हेतु वर की कुंडली देखना.

यादवजींनी अर्ज वाचला. पुन्हा वाचला. फाईलच्या नावाकडे पाहिलं. त्यांच्या नोकरीत या ऑफिसनं पूल पाहिले होते, नाल्या पाहिल्या होत्या, न बांधलेल्या रस्त्यांचे नकाशेसुद्धा पाहिले होते, कुंडली पहिलीच. त्यांनी टॉवेल बाजूला केला. फाईल उघडायला गेले. ती उघडली नाही.

"फाइल नई है, हमारा सॉफ्टवेयर पुराना," ते म्हणाले. "नए का प्रस्ताव भोपाल गया है।"

"कधी गेला?"

यादवजींनी नुसतंच छताकडे पाहिलं. प्रस्ताव जातात, परत येणं हे त्यांच्या हातात नसतं. नंदकुमार उठले. उठताना त्यांच्या हातून डबा पडला, सीडी घरंगळत टेबलाखाली गेली, आणि हेडक्लार्क नंदकुमार महाजन सरकारी टेबलाखाली गुडघ्यांवर बसून ती शोधू लागले. बाहेर आले तेव्हा त्यांच्या डोक्याला जळमट लागलं होतं.

"महाजन जी, बैठिए," यादवजी एकदम निराळ्या आवाजात म्हणाले. "मेरी भी बिटिया है।" मग त्यांनी सांगितलं, की याचं एक फुकटचं सॉफ्टवेअर इंटरनेटवर मिळतं. त्यात काढता, पुसता, बदलता काही येत नाही. नुसतं पाहता येतं. मुलीच्या बापाला लग्नात जेवढे अधिकार असतात तेवढेच. ऑफिसातलं इंटरनेट साहेबांच्या केबिनमध्ये होतं आणि साहेब दौऱ्यावर होते. तेव्हा यादवजी ऑफिस सुटल्यावर स्वतःच स्कूटर काढून लीलाधरकडे आले.

ते सॉफ्टवेअर उतरवायला संध्याकाळ गेली. एकदा लाईट गेली आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. गजाननराव घरून खुर्ची घेऊन आले. वसंत गुरुजींना कुणीतरी निरोप दिला होता. तेही येऊन मागे उभे राहिले आणि पंचांग काखेतून हातात घेतलं. अखेर लीलाधर म्हणाला, "हो गया काका," आणि नंदकुमारांनी डोळे मिटून घेतले. आता आत मंगळ असला तर?

डोळे उघडले तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या, पिवळ्या रेषा होत्या. सरळ, स्वच्छ, मोजून काढलेल्या.

यादवजी पुढे वाकले. त्यांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखं हसू आलं. "ये कुंडली नहीं है, महाजन जी। ये रसोई है।"

"काय?"

"रसोई! किचन। ये दरवाज़ा, ये मोरी, ये ओटा।"

पोरानं चुकीची फाईल जोडली होती. नंदकुमारांनी अठ्ठावीस गुणांनी जुळवलं होतं ते एक स्वयंपाकघर होतं. सगळ्यांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी क्षणभर थांबले आणि शांतपणे म्हणाले, "चतुर्थ स्थान. गृहसुख. मी म्हणालोच होतो, घरं आहेत." आणि पंचांग परत काखेत घातलं.

त्या रात्री नंदकुमार घरी आले ते चार कागद डिंकानं जोडून केलेला नकाशा घेऊन. रजनी वह्या तपासत होती. त्यांनी नकाशा तिच्यापुढे पसरला आणि सगळं सांगून टाकलं. चौकोन, दक्षिणगंगा, कॅलेंडर, सीमा, सगळं. टेबलाखालचं तेवढं गाळलं. रजनी ऐकत होती. तिच्या ओठांची कड एक-दोनदा हलली.

"म्हणजे मला 'नाही' ऐकावं लागू नये म्हणून," ती शेवटी म्हणाली, "तुम्ही सीडी डब्यात घालून परराज्यात गेलात?"

"सुपडूमामाचीच आयडिया होती," नंदकुमार कसेबसे म्हणाले.

मंगलाबाई हात पुसत आल्या आणि नकाशापुढे बसल्या. नकाशा त्यांना वाचता येत नव्हता असं आपण म्हणू. पण स्वयंपाकघर येत होतं. त्यांचं बोट रेघेवरून फिरू लागलं. "हा ओटा. इथं ठेंगणा का केलाय? आणि खाली मोकळा?"

रजनीनं बारीक रोमन अक्षरं वाचली. "'आई बसून' असं लिहिलंय. कमलताईंचे गुडघे दुखत असावेत, म्हणून खुर्ची आत जाईल अशी जागा ठेवलीय." ती पुढं वाचू लागली. "खिडकीपाशी लिहिलंय, 'भांडी घासताना तुळस दिसली पाहिजे.'"

मंगलाबाईंचं बोट खिडकीपाशी थांबलं. आपल्या घरी ओट्यासमोर भिंत आहे. ओटा उंच आहे, कारण नंदकुमारांच्या आई उंच होत्या आणि त्यांच्या मापानं तो बांधला होता. मंगलाबाई बुटक्या. नवी नवरी म्हणून आल्या त्या आठवड्यात देवघरातला जुना पाट ओट्यापाशी आला, तो आलाच. नंदकुमारांना त्या क्षणापर्यंत तो पाट फरशीचाच भाग वाटत आला होता. त्यांनी मान वळवून स्वयंपाकघरात पाहिलं. पाट तिथं होता, डावीकडे जरा कललेला.

"आणि हा उरलेला ओटा?" मंगलाबाईंनी विचारलं. "इथं आकडा नाही?"

यादवजींनीही तेच म्हटलं होतं, की नकाशा अर्धवट आहे, या बाजूच्या उंचीपुढे आकड्याऐवजी प्रश्नचिन्ह आहे. नंदकुमारांनी तसं सांगितलं.

"अर्धवट कुठला," मंगलाबाई म्हणाल्या. "येणारीला विचारून भरणार आहे तो."

भिंतीपलीकडे गजाननरावांची खुर्ची भिंतीशी सरकली.

रजनी उठली, नंदकुमारांचा मोबाईल घेतला आणि विनायकचा नंबर लावत गच्चीच्या जिन्यात गेली. दार तिनं ओढून घेतलं, पण आमच्याकडची दारं भिंतींसारखीच. "मी रजनी महाजन, बुऱ्हाणपूरहून. तुमची पत्रिका उघडली नाही. स्वयंपाकघर उघडलं." पलीकडे बराच वेळ काहीतरी पडझड झाल्यासारखी क्षमायाचना चालली होती. तिनं ती पूर्ण होऊ दिली. मग म्हणाली, "ते राहू द्या. खिडकी पूर्वेला काढलीत, सकाळी ऊन थेट डोळ्यांत येईल. वर छज्जा हवा." मग आवाज जरा खाली आला. "आणि हो. तो प्रश्नचिन्हाचा आकडा. लिहून घेता का?"

नंदकुमार खाली बसून छताकडे पाहत होते. मंगलाबाईंनी विचारलं, "अजून वाढू का?" ते जेवायला बसलेलेच नव्हते.

रविवारी कमलताई आणि विनायक आले. विनायक फोटोपेक्षा काळा आणि फोटोपेक्षा हसरा निघाला. पोहे झाले. कमलताई खुर्चीत टेकल्या आणि हौसेनं म्हणाल्या, "हं, आता सांगा गुरुजी, अठ्ठावीस कसे काढलेत?"

वसंत गुरुजी पंख्याकडे पाहू लागले. नंदकुमार उभे राहिले. निबंधस्पर्धेच्या समारोपाला उभे राहिले होते तसेच. फक्त या वेळी 'दोन्ही' म्हणायची सोय नव्हती. "कमलताई, मी खोटं बोललो. पत्रिका आम्हाला मिळालीच नव्हती. चुकून तुमचं स्वयंपाकघर आलं, आणि ते उघडायच्या आधीच मी जुळतं म्हणून सांगितलं. तुम्हाला राग येणं साहजिक आहे. पण यात मुलीचा काही दोष नाही."

कमलताई लेकाकडे वळल्या. लेकाचे कान लाल झाले होते. "तरीच!" त्या म्हणाल्या. "शुक्रवारपासून हा घरात पट्टी घेऊन फिरतोय. मी म्हटलं ओट्याचा आकडा आला कुठून?" मग त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं. "ही खरी पत्रिका. आणलीय मी. आमचे गुरुजी नाक मुरडतात ती. बघायची असली तर बघा."

पाकीट मधे टीपॉयवर पडलं. नंदकुमारांनी हात पुढं केला नाही. रजनीनंही नाही. आणि तेव्हा मंगलाबाई उठल्या, पाकीट उचललं, न फोडता देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं, त्यावर एक फूल वाहिलं आणि म्हणाल्या, "देवापुढे ठेवलीय. त्याला वाचायला काही लागत नाही. काही असलं तर तो सांगेल."

देवानं अजून काही सांगितलेलं नाही.

विनायक त्या दिवशी पाणी प्यायला म्हणून आत गेला तो लवकर बाहेर आलाच नाही. ओट्यापाशी उभा राहून तो एकदा ओट्याकडे पाही, एकदा पाटाकडे. लग्नाच्या आधीच गवंडी आला आणि महाजनांचा ओटा मंगलाबाईंच्या मापानं उतरवला गेला. गुरुजींनी मुहूर्त दिला, गजाननरावांनी सिमेंटविषयी मत दिलं, सुपडूभाऊंनी वाळू आणली. समोरच्या भिंतीला खिडकी मात्र पाडता आली नाही, कारण पलीकडे गजाननरावच राहतात.

पाट त्यामुळे रिकामा झाला. लग्नात भटजींनी नवऱ्यामुलाच्या पायाखाली पाट मागितला, तेव्हा कार्यालयाचा पाट सापडेना, आणि कुणीतरी धावत जाऊन घरचाच आणला. अंतरपाट धरला गेला. अक्षता वाटल्या. पहिलं मंगलाष्टक सुरू होणार, तेवढ्यात मंगलाबाई गर्दीतून वाट काढत जावयाच्या जवळ गेल्या आणि पदर सावरत त्याच्या कानाशी पुटपुटल्या,

"भार उजव्या पायावर ठेवा बरं का. डावीकडून डुगडुगतो तो."